फुलण्याची तारीख

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काटोलच्या शिवारात संत्र्याच्या दोन तऱ्हेच्या बागा शेजारी शेजारी दिसतात. एकीत मृग बहराचं फळ धरलेलं असतं. फांद्या वाकलेल्या, त्यांना बांबूचे टेकू, फळांचा हिरवा रंग हळूहळू उतरू लागलेला. दुसरीत एकही फळ नसतं. पानं फिकी, कडांनी आत वळलेली, आळ्यातली माती भेगाळलेली, झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, ही बाग कुणीतरी वाऱ्यावर सोडली आहे. मालकाचं सगळ्यात जास्त लक्ष मात्र तिच्याकडेच असतं. ती बाग ताणावर आहे.

संत्र्याला आपल्याकडच्या हवेत वर्षातून तीनदा फुलं येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग आणि पावसाळ्याच्या शेवटी हस्त. तिन्ही घेतले तर झाड थकतं आणि कोणताच माल धड येत नाही, म्हणून शेतकरी एकच बहर धरतो. आंबिया धरायचा तर थंडीच्या सुरुवातीला पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी काळी असेल तर त्याहून जास्त. झाडाची वाढ थांबते, काही पानं गळतात आणि जे अन्न नव्या पालवीत गेलं असतं ते काडीत साठून राहतं. मग जानेवारीच्या मध्यावर ताण तोडायचा. पहिलं पाणी हलकं, त्याला आंबवणी म्हणतात. पुढचं भरपूर, ते चिंबवणी. त्यानंतर काही आठवड्यांत नवती फुटते, तिच्यासोबत कळ्या येतात आणि फेब्रुवारीत अख्खा तालुका घमघमतो. मृग बहराला हाच ताण मे महिन्यात देतात. तो तोडण्याचं काम पाऊस करतो.

माझे बाबा हे सगळं एका वाक्यात सांगतात, "पाण्यानं झाड वाढते, फुलते ते ताणानं."

मी याच गावची. चित्रं काढते, कापडावर छापायच्या नक्ष्या करते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, त्याबद्दल खूप ऐकलं होतं. नक्षीसाठी नवी फुलं, नवे रंग मिळतील म्हणून जायचं ठरवलं. संक्रांत झाली, आमच्या बागेला आंबवणीचं पाणी दिलं आणि धाकट्या भावासोबत गाडीनं निघाले. रेल्वेनं रात्रीत पोचता आलं असतं, पण मला मधला महाराष्ट्र उजेडात बघायचा होता.

काटोलहून कोंढाळीला येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्री, मोसंबी, तूर आणि वेचणी संपत आलेला कापूस. जाम नदीच्या खोऱ्यातली ही जमीन. पलीकडे नरखेड, त्यापुढे अमरावती जिल्ह्यातले वरूड आणि मोर्शी असा संत्र्याचा सलग पट्टा आहे. 'नागपुरी संत्रं' म्हणून जे देशभर विकलं जातं, ज्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातलं बरंचसं या पट्ट्यात पिकतं. कलमं तयार होतात तीही इथेच, मुख्यतः शेंदुरजना घाटच्या पन्हेऱ्यांमध्ये. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचं रोप हा खुंट; त्याच्या सालीत इंग्रजी 'टी'च्या आकाराचा छेद घेऊन संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा फुटला की वरचा लिंबाचा शेंडा छाटून टाकायचा. शेंडा ठेवला तर झाड लिंबाचंच होणार. या छाटणीची आठवण मला पुढे पुण्यात वारंवार झाली.

कोंढाळीला मोठा रस्ता लागतो. तळेगाव, तिवसा, तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी, मग अमरावती. या जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताचे ते दहा वर्षं कृषिमंत्री होते. शिक्षणसंस्था उभारणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागेही तेच होते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्या वेळी दिल्लीत आले होते. शेतकऱ्यानं दुसऱ्याची शेती डोळ्यांनी पाहिली पाहिजे, हा विचार त्या प्रदर्शनामागे होता. पंजाबरावांच्या नावाचं अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि तिथे आजही शिवार फेरी होते. शेतकरी घोळक्यानं विद्यापीठाच्या वावरांतून फिरतात, वाण पाहतात, कणसं-शेंगा हातात घेतात, प्रश्न विचारतात. काटोलचं फळ संशोधन केंद्र याच विद्यापीठाचं. अकोल्यावरून जाताना मनात आलं, प्रदर्शनाची आवड विदर्भाला नवी नाही. आमच्याकडे ती पिकाभोवती वाढली, पुण्याला फुलाभोवती.

अकोल्यानंतर खामगाव. इथवर सगळा कपाशीचा मुलूख. खामगाव सोडून चिखलीकडे निघालं की जमीन चढत जाते, काळी माती पातळ होते, मुरूम वर येतो. देऊळगाव राजावरून जालन्यात उतरलो तेव्हा पुन्हा लिंबूवर्गीय झाडं दिसू लागली, पण इथे राज्य मोसंबीचं. जालन्याच्या मोसंबीलाही मानांकन आहे. झाडाची ठेवण संत्र्याहून गोल, पान रुंद, फांदी आडवी जाणारी. मी वहीत दोन्ही शेजारी काढून पाहिली. संत्र्याची काडी वर झेपावते, त्यामुळे त्याचं झाड दुरून उभट दिसतं.

जालना हे बियाण्यांचंही शहर. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणं तयार करण्याचं काम फार चिकाटीचं असतं. संकरित कपाशीत मादी-झाडाच्या कळीतले पुंकेसर उमलण्याआधीच, हातानं, एकेका कळीतून काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी निवडलेल्या नर-फुलाचे परागकण लावावे लागतात. हे काम करणाऱ्या बहुतेक बायाच. एका कळीला चुकीचा पराग लागला तर ते बोंड फुकट जातं. इथेही पुन्हा काढून टाकण्यातूनच निर्मिती.

छत्रपती संभाजीनगरला थांबायचं मी आधीच ठरवलं होतं. आमच्या संत्र्याचं माहेर हे गाव, असं परंपरेनं सांगितलं जातं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी इथून रोपं नेली आणि नागपुरात आपल्या बागेत लावली. तिथून ती शेतकऱ्यांकडे गेली आणि शंभर-सव्वाशे वर्षांत पट्टाच्या पट्टा नारिंगी झाला. गंमत अशी की माहेरी आज संत्रं फारसं दिसत नाही.

इथली हिमायत बाग मुघल काळातली. आज तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. बागेत जुनी आंब्याची, चिंचेची झाडं दाट उभी आहेत. शहराच्या मधोमध इतकी सावली शिल्लक आहे याचं मला नवल वाटलं. ही बाग टिकली ती पाण्याच्या योजनेमुळे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानं हे शहर, तेव्हाची खडकी, वसवलं तेव्हा डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या मार्गानं, केवळ उताराच्या जोरावर, गावात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पुढे आणखी नहरी झाल्या आणि त्यांतल्या एकीच्या पाण्यावर पाणचक्कीचं जातं फिरलं. उघड्यावरून पाणी नेलं असतं तर या उन्हात बरंच वाफ होऊन गेलं असतं. बाग उभी राहायची असेल तर आधी पाणी कुठून येणार हे ठरवावं लागतं, हे इथे चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी नीट ओळखलं होतं.

पुढे कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली. प्रवरा येऊन मिळते तिथे सिद्धेश्वराचं मंदिर आहे. जवळच नेवासे, शके १२१२ मध्ये जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते. नदीच्या दोन्ही काठांना ऊस. अहिल्यानगर जवळ येईतो कांदा आणि ज्वारी. शहर ओलांडल्यावर पुण्याच्या वाटेवर अकोळनेरच्या बाजूला शेवंतीची शेतं आहेत. पांढरी, पिवळी शेवंती इथून दादर आणि पुण्याच्या फुलबाजारात जाते. या शेवंतीचं शेत पाहताना नीट लक्ष दिलं, कारण हेच फूल पुढे कुंडीत पाहायचं होतं. शेतातली शेवंती भरगच्च आणि लहान. रोप लहान असतानाच शेंडा खुडतात म्हणजे फुटवे वाढतात, आणि किलोवर विकायचं असल्यामुळे जितकी फुलं जास्त तितकं बरं. दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला कळी धरते. रात्र लांब झाल्याचं तिला पानांतून कळतं. हंगाम पुढे ढकलायचा असेल तर काही शेतकरी रात्री शेतात दिवे लावून तिला दिवस मोठा असल्याचं भासवतात.

सुप्याच्या आसपास जमीन उघडी पडते. पारनेरचा हा भाग पावसाच्या छायेतला. कोरड्या विहिरी पाहून मला आमच्या भागातला २०१९ चा उन्हाळा आठवला. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी सगळीकडे विहिरी आणि बोअर आटले, टँकरनं पाणी घालूनही बागा वाळल्या, लोकांनी पंधरा-वीस वर्षांची झाडं तोडून सरपणाला दिली. तेव्हाही झाडांना पाणी मिळत नव्हतं, पण तो ताण नव्हता. ताण देणाऱ्याला पाणी कधी सोडायचं ते ठाऊक असतं आणि सोडायला विहिरीत पाणी असतं. नुसत्या अभावातून फूल येत नाही. अभावाला शेवटची तारीख असावी लागते.

पुण्याला पोचलो. एम्प्रेस गार्डन रेसकोर्सच्या जवळ, छावणी भागात आहे. सुमारे एकोणचाळीस एकरांची जागा, उंचच उंच जुने वृक्ष आणि त्यांच्यावर चढलेले, खोडासारखे जाड झालेले वेल. इंग्रजांच्या काळात ही सैनिकांच्या विरंगुळ्याची बाग होती. व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाल्यावर बागेला आजचं नाव मिळालं. बागेची देखभाल ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया करते. या संस्थेची स्थापना १८३० ची. फुलांची स्पर्धा भरवण्याची पद्धत इंग्रजांकडून आली. लंडनला चेल्सीचं प्रदर्शन १९१३ पासून भरतं, बंगळुरूच्या लालबागेत काचघरात वर्षातून दोनदा भरतं. पुण्यानं मात्र ही पद्धत पुरती आपली करून घेतली आहे. नऊवारीतल्या आजी डेलियाच्या कुंडीपुढे उभ्या राहून सुनेला त्याचं खत-पाणी समजावत होत्या, शाळेची मुलं रांगेनं चित्रं काढायला बसली होती आणि बाहेर रोपवाटिकांच्या स्टॉलवर बी-बियाणं, खतं, कुंड्या घ्यायला झुंबड होती.

मांडवात शिरल्यावर पहिला धक्का रंगांनी दिला. पिटुनिया, पॅन्सी, साल्व्हिया, फ्लॉक्स, डायँथस अशा हंगामी फुलांच्या कुंड्या पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेल्या. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते जिथे एका बाटलीत एकच फूल ठेवलं होतं त्या टेबलापाशी. गुलाबांचा विभाग. प्रत्येक फुलापुढे जातीचं नाव, काहींपुढे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी. पहिला आलेला गुलाब सगळ्यांत मोठा नव्हता. मी तो आणि त्याच्या शेजारचा, दोन्ही काढायला घेतले आणि काढता काढता फरक उमगत गेला. पहिल्याच्या पाकळ्या मध्यापासून सारख्या उलगडत होत्या, मधला शंकू उंच आणि नीट मध्यावर होता, देठ सरळ, पानं निरोगी. दुसऱ्याचा मध्य दुभंगला होता. परीक्षकाची नजर म्हणजे काय ते पेन्सिल चालवल्यावर कळतं.

तिथे एक माळीदादा कुंड्यांवर पाणी शिंपडत होते. त्यांना विचारलं, बरोबर याच दिवशी इतकी फुलं कशी उमलतात? ते म्हणाले, "ताई, गुलाब छाटल्यापासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फूल येतं. प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटं मोजायचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कात्री चालवायची. थंडी जास्त पडली की चार दिवस मागे-पुढे." एकाच दिवशी सगळं छाटत नाहीत, तीन-चार दिवसांच्या अंतरानं छाटतात, म्हणजे कोणत्या ना कोणत्या रोपाचं फूल नेमक्या दिवशी हाती लागतं. हंगामी फुलांचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पडलेलं असतं. मांडवातला आनंद दोन-तीन दिवसांचा, पण त्याचं वेळापत्रक पावसाळ्यात सुरू झालेलं असतं.

मग त्यांनी मला डेलियाकडे नेलं. जेवणाच्या ताटाएवढं फूल, गर्द किरमिजी, पाकळ्यांच्या रांगा शेवटपर्यंत न चुकता बसलेल्या. "या फुलाच्या खाली किती कळ्या होत्या माहीत आहे?" त्यांनी देठावरच्या बारीक, भरून आलेल्या खुणा दाखवल्या. प्रत्येक खूण म्हणजे खुडलेली एक कळी. शेंड्याची ठेवायची, बाजूच्या मटाराएवढ्या असतानाच काढायच्या, म्हणजे सगळा जोर एकीला मिळतो. शेवंतीचंही तसंच. अकोळनेरला शेतात पाहिलेलं फूल रुपयाएवढं होतं. इथे त्याच्या थोरल्या जातीचं एकेक फूल दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं, एका काडीवर एकच. "पहिल्यांदा कळ्या खुडताना हात थरथरतो," माळीदादा म्हणाले. "पण खुडल्या नाहीत तर सगळीच फुलं साधारण येतात."

मला माझ्या बाबांचं वाक्य आठवलं आणि पाचशेहून अधिक किलोमीटरांवरची दोन माणसं एकच गोष्ट सांगत आहेत याचा आनंद झाला. एकानं पाणी तोडलं, दुसऱ्यानं कळ्या खुडल्या. दोघांनी तारखेपासून उलटं मोजलं.

त्यानंतर मी प्रदर्शन त्याच डोळ्यांनी पाहिलं. बोन्सायच्या विभागात उथळ तबकात वड, उंबर, पिंपरी. आमच्या बांधावरचा वड जेवढा पसरतो तेवढाच रुबाब या हातभर झाडात होता. पारंब्यासुद्धा होत्या. ठराविक काळानं झाड तबकातून काढून मुळं कापतात, फांद्यांना तार गुंडाळून वळण देतात, मोठं पान खुडतात म्हणजे पुढचं पान लहान येतं. झाडाला कोंडून ठेवल्यासारखं हे वाटतं, असं एक बाई म्हणाल्या. जे लोक ही झाडं घेऊन आले होते ते मात्र रोज, वर्षानुवर्षं, एकेका झाडाकडे लक्ष देत आले होते. इतकं लक्ष फार थोड्या झाडांच्या वाट्याला येतं.

जपानी पुष्परचनेच्या टेबलांपाशी गर्दी कमी होती. इकेबानाची एक मूळ रचना तीन काड्यांवर उभी असते. सोगेत्सु पंथात त्यांना शिन, सोए आणि हिकाए म्हणतात. सोए ही शिनच्या पाऊणपट, हिकाए ही सोएच्या पाऊणपट. पहिली जवळजवळ उभी, दुसरी कललेली, तिसरी आडवी झुकलेली. बाकी जे काही घालायचं ते या तिघींना सांभाळून. एका रचनेत सुकलेली बोरीची फांदी, एक पिवळं जर्बेरा आणि हिरव्या पानाची एक पट्टी एवढंच होतं. उरलेलं सगळं मोकळं. ती मोकळी जागा रिकामी वाटत नव्हती, कारण तिन्ही काड्यांची टोकं तिच्याभोवती आकार बांधत होती. मी ती रचना काढायला बसले तेव्हा फुलापेक्षा त्या मोकळ्या जागेची कडा काढण्यात जास्त वेळ गेला. कापडावरच्या नक्षीत दोन बुट्ट्यांमधली जागा हीच खरी अवघड असते. ती नीट बसली की नक्षी उघडते, नाही तर कापड गिचमिड होतं. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते तीन काड्यांच्या मापात दिसलं.

फुलांची चित्रं काढण्याची पुण्यातली परंपराही जुनी आहे. पुण्याला लागून असलेल्या दापोडीत १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं वनस्पतिबाग सुरू केली. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर तिचा अधीक्षक होता. त्यानं १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पतिबागेत जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. ती बाग राहिली नाही, चित्रं राहिली. बाग करणारा आणि तिच्याकडे नीट बघून नोंद करणारा, दोघेही लागतात, हे यातून पटतं. माळीदादांसारख्या माणसांची नावं विजेत्यांच्या चिठ्ठीवर असतात का, तेही मी जाता जाता पाहिलं. बहुतेक ठिकाणी बंगल्याचं, कारखान्याचं किंवा संस्थेचं नाव होतं. कात्री ज्याच्या हातात होती त्याचंही नाव शेजारी लिहायला हवं.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे थांबलो नाही. काटोलला पोचेपर्यंत आमच्या बागेनं पाणी ओढलं होतं आणि काड्यांच्या बगलेत नवतीचे हिरवे ठिपके आले होते. पुढच्या आठवड्यांत कळ्या, मग पाच पाकळ्यांची पांढरी फुलं, मधे पिवळ्या पुंकेसरांचं कडं. संत्र्याच्या एका झाडावर हजारोंनी फुलं येतात आणि शेकडा अगदी थोडी फळ धरतात. बाकीची झाड स्वतःच गाळतं. पुण्यात माणूस जे कात्रीनं करतो ते हे झाड दरवर्षी आपसूक करतं. माझ्या या हंगामाच्या नक्षीत फळ नाही. एक ताणातली काडी आहे, तिच्यावर एक फूल आणि भोवती कापड मोकळं.

आता मनात जे पक्कं झालं आहे ते लिहिते. काटोलला असं प्रदर्शन दरवर्षी भरायला हवं, आणि ते फळाच्या मोसमात नको, फेब्रुवारीत, आंबिया फुलतो तेव्हा हवं. संत्र्याला गर्दी नागपूरच्या कळमना बाजारात होतेच. फुलाला मात्र कुणी येत नाही. विभाग आमच्याकडे तयार आहेत. बहराची एक काडी, एका बाटलीत. मृगाची पाच फळं, एका आकाराची, एका रंगाची. शेतकरी-मजूर भाऊ-बहिणींची डोळा बांधण्याची स्पर्धा, घड्याळ लावून, आणि दोन महिन्यांनी किती डोळे फुटले ते मोजून निकाल. अंगणातली शेवंती, बांधावरची रानफुलं, परसातल्या भाज्यांचं ताट. शाळेच्या मुलांसाठी चित्रांचा विभाग, ज्यात प्रत्येकानं आपल्याच बागेतली एक फांदी समोर ठेवून काढायची. परीक्षक बाहेरून बोलवावेत आणि त्यांनी निकष मोठ्यानं समजावून सांगावेत, कारण लोक शिकतात ते तिथेच. आणि प्रत्येक चिठ्ठीवर मालकाच्या नावाखाली झाड सांभाळणाऱ्याचंही नाव असावं.

यातून बाजारभाव वाढणार नाही, विहिरीला पाणी येणार नाही. पण ज्या कामात काटोलची माणसं पिढ्यान्‌पिढ्या निष्णात आहेत, फुलण्याची तारीख ठरवण्याच्या, त्या कामाकडे त्यांची मुलं कला म्हणून पाहतील. ज्या गावाला आपल्या कामातली कला दिसते, त्या गावात ते काम करायला पुढची पिढीही थांबते. आमच्या तालुक्याला आज याची फार गरज आहे.